मधाच्या बरणीचं बाळंतपण

घोरपड्यांच्या मधाच्या बरणीला दिवस गेले, हे प्रथम सुनेच्याच लक्षात आलं. रेवती झाकण उघडायला गेली, तर आतून कुणीतरी हलकीच लाथ मारली. ती दचकली, पण बरणी हातातून सोडली नाही. फुटली असती, तर तेही तिच्याच माथी आलं असतं.

रेवतीच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, दोष निघाला नव्हता. आता नवऱ्याला तपासू, आणि तोवर त्यांची साखर कमी करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. यावर सासूबाईंनी रणजितला रोज वाटीभर मध सुरू केला. मध म्हणजे काही साखर नव्हे, पुरुषाला त्यानं बळ येतं, असं त्यांचं मत. मधावर तो जिलब्या खाई आणि तपासणी पुढे ढकली. तेवढी एक झाली की आपल्यावरचा वांझपणाचा शिक्का पुसला जाईल, या आशेवर रेवती होती.

डॉक्टरीणबाईंनी बरणीची सोनोग्राफी केली. "ठोके छान आहेत. उन्हात ठेवू नका."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "लेकात दोष असता, तर हे झालं असतं?"

"अहो, पण तुमची तपासणी?" रेवतीनं हळूच विचारलं.

"आता कशाला?" रणजित फार दिवसांनी ताठ बसला होता. "पुरावा समोर हलतोय की!"

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. झाकणाला गजरा बांधला. रेवती ओटीचं ताट घेऊन पुढे झाली, तशी चुलतसासू म्हणाली, "तू राहू दे गं. लेकुरवाळीनं भरायची असते."

पहिलं बाळंतपण माहेरी. बरणी दुकानातली, तिला माहेर कुठलं?

"तुझ्या आईकडे ने," सासूबाई म्हणाल्या.

"आणि परत कधी येऊ?"

"बरणीला न्यायला रणजित येईल की."

रेवतीचं त्या काही बोलल्या नाहीत.

बसमध्ये गरोदर बाईच्या राखीव जागेवर ती बरणी मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुम्ही उठा. जागा त्यांची आहे."

रेवती उठली. बरणी खिडकीशी ठेवून, एका हातानं तिला धरून उभी राहिली.

शेजारची म्हातारी कौतुकानं बघत होती. "बाळाचा बाप कसा आहे तब्येतीनं?"

"माहीत नाही. तपासलं नाही."

"बापाला कुठं तपासतात, बाई?" म्हातारी म्हणाली, आणि बरणीवरून कडाकडा बोटं मोडली.