यजमानांची तब्येत

"ऊन आलं गं ऊन, खाटा ओढा!"

सासूबाईंच्या कानात हा हाकारा अजून होता. टेकडीवरच्या क्षयाच्या इस्पितळातली आया रोज सकाळी अशी साद घाली, आणि सोळा वर्षांच्या एका पोरीची खाट करकरत व्हरांड्यात जाई. पोरगी बरी झाली, नांदायला आली, आई झाली, सासू झाली. पण त्या व्हरांड्याबद्दल या घरात तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. आधी लग्न मोडेल म्हणून, आणि पुढे 'इतकी वर्षं का लपवलंस' असं नवरा विचारील म्हणून. नवरा होता घड्याळजी. बिघाड नेमका कुठून सुरू झाला ते सापडेपर्यंत त्याला चैन पडत नसे.

सून प्रयोगशाळेत काम करायची. आज तिला पहिल्यांदाच साध्यासुध्या लोकांपुढे, मराठीतून व्याख्यान द्यायचं होतं. सकाळी ती आरशासमोर तालीम करत होती. सासूबाई चहा घेऊन लोटलेल्या दाराशी आल्या आणि थबकल्या.

"क्षयाचा जंतू यजमानाच्या आत शिरलाय," आतून आवाज आला, "आणि यजमानाला पत्ताच नाही!"

सासूबाईंनी कान दाराला लावला. सासूबाईंच्या तोंडी यजमान म्हणजे बाईचा नवरा. दुसरा अर्थ त्यांच्या मनाला शिवला नाही. आणि सुनेचा नवरा म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक!

"जंतू पार आतली कळ दाबायला लावतो. मग यजमानाच्या अंगात चरबी साठते. तो फुगतो, सुस्तावतो. आपण कुणाला पोसतोय, हे त्या बिचाऱ्याला कळतही नाही."

आता शंकेला जागा उरली नाही. चिरंजीवांचं चष्म्याचं दुकान होतं, काम सगळं बसून, आणि पट्ट्याला नुकतंच एक नवं भोक पाडलं होतं.

एवढ्यात सून पर्स सावरत बाहेर आली. "आई, चहा राहू दे, उशीर झाला!" म्हणाली आणि हसत जिना उतरून गेली. सासूबाईंचे डोळे भरून आले. एवढं दुःख पोटात घेऊन पोरगी हसते! वरून आपल्याला कळू नये म्हणून आरशाला सांगते!

चिरंजीव बूट घालत होते.

"काढ ते बूट. दुकान आज बंद."

"का? कोण गेलं?"

"चांगलं बोल रे जरा! खिडकीपाशी झोप."

"आई, मला काय झालंय?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुझ्या बायकोनंच सांगितलं. तुला क्षय झालाय."

"कुणाला सांगितलं?"

"आरशाला."

चिरंजीव खाली बसले. "मग खरंच असणार. माणसांशी बोलताना ती सांभाळून बोलते." आणि तेवढ्यात त्यांना खोकला आला. आजवर न आलेला खोकला, पण आला तो अगदी सराईतासारखा.

मग घर कामाला लागलं. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. खाट वाऱ्याच्या तोंडाशी आली. एक ताट, एक वाटी, एक पेला निराळा झाला. बाकीची भांडी मोठ्या पातेल्यात उकळू लागली. थुंकायला झाकणाचा डबा उशाशी आला. सासूबाई दर थोड्या वेळानं ताप बघत आणि अंड्यांवर अंडी भरवत होत्या. घड्याळजींनी लेकाच्या छातीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "टिकटिक ठीक आहे. मागेपुढे नाही."

"तुम्हाला सगळी घड्याळंच दिसतात!"

"अगं, पण हा फक्त तू शेजारी असलीस की खोकतो."

संध्याकाळी सून व्याख्यान आटोपून आली, तर नवरा मफलर गुंडाळून पडलेला.

"अहो, काय झालं?"

"मलाच विचारतेस?" चिरंजीव मफलर सावरत म्हणाले. "नवऱ्याला सांगायचं सोडून आरशाला सांगितलंस! मी फुगलोय, सुस्तावलोय, हेसुद्धा!"

सून आधी गोंधळली. मग सासूबाईंनी दाराआडून ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तशी ती पातेल्याशेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"आई, यजमान म्हणजे हे नाहीत हो! जंतू जिच्या घरी मुक्कामाला येतो, ती पेशी. जंतूंना खाऊन टाकणारी, अंगातली राखणदार."

"पेशी? मग ती तर बाई झाली! तिला यजमान कसं म्हणायचं?"

"तसाच शब्द आहे. त्या पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, म्हणजे तिचं मुख्य कार्यालय. तिथं काय करायचं याच्या कळा असतात. जंतू स्वतः आत जात नाही, पण अशा खुणा करतो की चरबी साठवायची कळ दाबली जाते. मग राखणदार राखण विसरते, चरबीनं भरते, आणि हा पाहुणा तिच्या जिवावर जेवतो. ती कळ सोडवायची कशी, ते आम्ही शोधतोय."

चिरंजीव ताडकन उठून बसले. खोकला गेला. "म्हणजे मी नुसताच जाड आहे?"

"नुसतेच. आणि आई, ताटवाट्यांनी क्षय पसरत नाही, तो हवेतून येतो. खिडक्या उघडल्यात, ते मात्र बरोबर केलंत."

सासूबाईही हसल्या, आणि गॅस बंद करायला वळल्या.

घड्याळजी मात्र त्या झाकणाच्या डब्याकडे बघत बसले होते. त्यांनी तो उचलला, झाकण उघडलं, लावलं. "सगळं कसं अगदी पाठ असल्यासारखं केलंस गं! खाट कुठं, खिडकी कुठली, ताप केव्हा बघायचा. हे तुझ्या मावशीनं शिकवलं वाटतं? लग्नाआधी वर्षभर तिच्याकडे राहून शिवण शिकलीस म्हणे, पण बटण काही तुला लावता येत नाही. माझी बटणं अजून मीच लावतो."

लेक हसला, सून हसली. सासूबाई पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. पातेल्यातली वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. मग त्या हात पुसत नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"मावशीकडे नव्हतेच मी," त्या म्हणाल्या. "टेकडीवरच्या इस्पितळात होते. क्षय झाला होता मला. शिवण येणार कुठून, अहो?"