पार्किंगखालचं स्टेशन

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता इंदिरानगरातल्या 'गोदाई' सोसायटीच्या पार्किंगखाली भुयारी मेट्रोचं स्टेशन असल्याचं उघडकीस आलं. पार्किंगमध्ये त्या वेळी काही स्कूटर आणि एक झोपलेला कुत्रा होता. नाशिकमध्ये मेट्रो नाही.

स्टेशन प्रफुल्ल खैरनार यांनी रविवारी दुपारी, जेवणानंतर उभारलं होतं. खैरनार अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत. इंटरनेटवर एक खुला नकाशा आहे. त्यात कुणीही रस्ता, विहीर, देऊळ भरू शकतं. शहरात मेट्रोची नुसती चर्चा असली तरी तिची रेघ त्यात ओढायचं खैरनारांनी मनावर घेतलं. जे अजून झालेलं नाही त्यावर 'प्रस्तावित' अशी खूण करायची असते. कारखान्यात मात्र वस्तू तयार होण्याआधीच तिचं चित्र पूर्ण करतात. सवयीने त्यांनी स्टेशनही पूर्ण केलं. सरकते जिनेसुद्धा दिले.

याच 'गोदाई'तला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ते आणि त्यांच्या पत्नी राखी विकत घेणार होते. मालकीण वत्सलाबाईंशी भाव ठरला होता. मंगळवारी इसार द्यायचा होता. सोमवारी दुपारी वत्सलाबाईंचे चिरंजीव अमित यांचा लासलगावहून फोन आला. त्यांनी मोबाइलवर नकाशा पाहिला होता.

"प्रफुल्लभाऊ, आपण जरा थांबू."

"अहो, सगळं ठरलंय ना?"

"मी कांद्याचा व्यापारी. भाव चढायला लागला की चाळीतून माल काढायचा नसतो."

"अमितभाऊ, ते स्टेशन मीच काढलंय. तिथे काही नाहीये."

"तुम्ही घेणारे. तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

राखीने शेजारून सगळं ऐकलं होतं. "लोक घर घ्यायच्या आधी वास्तुशास्त्र बघतात," ती म्हणाली. "तुम्ही खाली बोगदा काढलात."

"पुसतो ना लगेच."

पुसलं. मंगळवारी संध्याकाळी स्टेशन परत आलं. जर्मनीतल्या कुणा स्वयंसेवकाने ते पूर्ववत केलं होतं आणि सौम्य समज दिली होती, की जागेवर असलेल्या गोष्टी खोडू नयेत. पुरावा म्हणून कुणीतरी चढवलेला फोटो जोडला होता. त्यात सोसायटीच्या फाटकाशी पाटी होती, 'मेट्रो स्टेशन रिक्षा स्टँड'.

खैरनार फाटकाशी गेले. पाटीचा रंग ओला होता. पाटीखाली रिक्षावाले संतोष बसले होते.

"दादा, ही पाटी काढा. इथे मेट्रो नाहीये."

"माहितीये की. म्हणून तर रिक्षा लागते."

"अहो, पण पाटी खोटी आहे."

"स्टँड तर खरा हाय ना? कालपासून माणसं मोबाइल बघत येतात, पार्किंगमध्ये चक्कर मारतात, वॉचमनला जिना विचारतात, अन् मग आमच्याकडं येतात. लय बरं चाललंय, साहेब. नका मोडता घालू."

शेवटी खैरनार लॅपटॉप घेऊन थेट वत्सलाबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. त्या मेथी निवडत होत्या.

"काकू, हे बघा. कुणीही कुठेही स्टेशन काढू शकतं. हा पाथर्डी फाटा. हे आम्ही भाड्याने राहतो ते घर. आणि हे त्याच्याखाली स्टेशन. झालं."

वत्सलाबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"झालं पण?"

"झालं."

"मग आमचं जरा मागच्या गल्लीत सरकवा. पुढच्या दाराशी गर्दी नको."

"काकू, ते मुळात नाहीचये."

"असू दे. पण तुमच्या घराखालीच स्टेशन आहे, तर आमचा फ्लॅट कशाला घेताय?"

खैरनारांनी लॅपटॉप मिटला. घरी येऊन त्यांनी पाथर्डी फाट्याचं स्टेशन पुसलं. जर्मनीतल्या स्वयंसेवकाने ते परत आणलं, दोन स्टेशनं बोगद्याने जोडली आणि स्थानिक माहितीबद्दल खैरनारांचे आभार मानले.

व्यवहार अद्याप झालेला नाही. वत्सलाबाई विचार करत आहेत. खैरनार राहतात त्या घराच्या मालकांचा आज सकाळी निरोप आला, 'संध्याकाळी जरा बसू या, भाड्याचं बोलायचंय.' राखीने चहाचं आधण दुपारीच मोजून ठेवलं आहे. फाट्यावरच्या रिक्षावाल्यांनी रंगाचा डबा आणल्याचं कळतं.