रविवारी फुगलेली माती

हिंदुराव केमहून बहिणीचा साखरपुडा उरकून सोमवारी सोलापुरात उतरला, तो स्टेशनवरून थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत आला. साल चौऱ्याहत्तर. पीएच.डी. झाली तरच त्याची लेक्चररची जागा कायम होणार होती. काळी माती पाणी पिऊन फुगते; तिच्यावर किती वजन ठेवलं म्हणजे ती फुगायची थांबते, हा त्याचा विषय. चाळीस दिवस त्याने मातीची एक वडी पाण्यात, वजनाखाली दाबून ठेवली होती. वडी हूं की चूं करत नव्हती. आता रीडिंगच्या वहीत मात्र शनिवार-रविवारी तिने चांगलीच उसळी मारलेली दिसली.

“मायाप्पा, हे काय?”

“रीडिंग चुकलं न्हाय सर,” प्रयोगशाळेचा शिपाई मायाप्पा म्हणाला. “तिन्ही टायमाला घेतलंय. आयतवारी सुदीक.”

“मग माती फुगली कशी?”

“वजनं न्हवती की. पट्टणशेट्टी सरांनी मंद्रूपला शेतावर नेली. भावाभावांत शेंगा वाटायच्या हुत्या, अन् बाजारच्या मापावर कुनाचा इस्वास न्हाय. आज सकाळी आनून जशीच्या तशी ठिवली.”

पट्टणशेट्टी सर हे हिंदुरावाचे मार्गदर्शक. तो त्यांच्या खोलीत शिरला तेव्हा ते टायपिस्टला मजकूर सांगत होते. वही त्यांनी सकाळीच पाहिली होती. वजनाला न जुमानता फुगणारी माती जगात प्रथमच सापडली होती.

“सर, वजनं तुमच्या शेतात होती.”

सरांनी टायपिस्टला चहाला पाठवलं.

“प्रयोग कुणाच्या ताब्यात होता?”

“माझ्या.”

“आणि तुम्ही कुठं होता?”

“केमला. साखरपुड्याला.”

“रजा टाकून?”

“नाही.”

“मग हा शोध आहे की निष्काळजीपणा, ते तुम्हीच सांगा.”

हिंदुरावाने जागेचा विचार केला आणि शोध आहे, असं सांगितलं.

निबंध दिल्लीच्या संशोधन मंडळाकडे गेला. दोन महिन्यांनी तिकडून पत्र आलं: शोध थोर आहे, पुन्हा तीनदा करून दाखवा. हिंदुरावाने तीन नव्या वड्या लावल्या. वजनं काढायला काही त्याचा हात धजेना. तिन्ही वड्या गप्प बसल्या.

“तुमच्या हाताला गुण नाही,” सर म्हणाले. “मायाप्पाला बसवा.”

मायाप्पाने सरांच्या सांगण्यावरून तीन रविवार वजनं उतरवून ठेवली आणि इमानाने वही भरली. माती तीनदा फुगली. दिल्लीने शोध मान्य केला. चोख नोंदींबद्दल मायाप्पाला लॅब असिस्टंट करण्यात आलं. आणि आपल्याच मार्गदर्शकाचा शोध ज्याला करून दाखवता आला नाही, त्या हिंदुरावाची जागा रद्द झाली.

हिंदुरावाकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या ताब्यात घेताना मायाप्पा घुटमळला.

“सर, एक इचारू? तुमी शिकल्याली मानसं. वजन काढल्यावर माती वर येनारच की. ह्यात शोध कसला?”

“हे सरांना विचारलंत का?”

“इचारलं की. म्हनले, आदी हिंदुराव बी असंच इचारत हुता.”