भिंगबाईंना प्रिंटर नाही म्हणाला

"खोटा माल माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नाही!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी रुमालानं भिंग पुसलं.

सुनेचा यावर पूर्ण विश्वास होता. का नसेल? सासूबाईंनी जन्मभर बँकेत सह्या जुळवल्या होत्या. सहीची शेपटी जराशी डगमगली की चेक परत! एकदा तर त्यांनी खुद्द मॅनेजरचाच चेक परत केला होता.

"साहेब, ही सही तुमची नाही."

"अहो, आत्ता तुमच्यासमोर केली ना!"

"केली असेल. पण जुळत नाही."

बँकेत सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. अर्थात, त्या दुसऱ्या खोलीत असताना!

निवृत्त झाल्यावर त्या भिंगाची सगळी ड्यूटी घरावर आली. टूथपेस्ट, दाढीची पाती, घड्याळाचे सेल, पाण्याच्या फिल्टरचे सुटे भाग, काहीही भिंगाखालून गेल्याशिवाय कपाटात जात नसे. मुलानं आणलेली पाती त्यांनी एकदा दुकानात परत पाठवली, का, तर पाकिटावरचं एक अक्षर जरा बसकं होतं. आणि पाती खरंच नकली निघाली! दुकानदारानं कानाला हात लावला. त्या दिवसापासून सुनेनं मनातल्या मनात त्यांना साष्टांग नमस्कार घातला होता.

तर आज त्या भिंगाची कसोटी होती. सुनेचा प्रबंध आज विद्यापीठात द्यायचा होता. मूल लहान, मग घर, मग नोकरी, असं करत करत इतकी वर्षं रखडलेला प्रबंध. मुदत दोनदा वाढवून मिळाली होती. तिसऱ्यांदा मागायला गेली तेव्हा तिथल्या कारकुनानं नुसतं तिच्याकडे पाहिलं, त्यातच उत्तर होतं. विद्यापीठाची खिडकी पाचला बंद होणार, आणि दुपारी, चौथ्या प्रकरणाच्या ऐन मध्यावर, प्रिंटरची शाई संपली.

"घाबरतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "कपाटात नवीन कार्ट्रिज आहे. मी तपासून देते."

त्यांनी खोका खिडकीशी नेला. भिंग लावलं. चकचकीत स्टिकर तिरपा केला, त्याचा निळा रंग हिरवा झाला. अक्षरांच्या कडा पाहिल्या. खोका हुंगलासुद्धा!

"अस्सल!" त्यांनी निकाल दिला. "बिनधास्त घाल."

सुनेनं कार्ट्रिज बसवली. प्रिंटर घरघरला, विचारात पडला, आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर अक्षरं उमटली : ही कार्ट्रिज अस्सल नाही.

भर वर्गात कुणीतरी हेडमास्तरांना अरे म्हणावं, तसंच झालं हे!

"काय म्हणतो तो?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणतो... अस्सल नाही."

"त्याला सांग, नीट बघ."

सुनेनं कार्ट्रिज काढली, पुसली, पुन्हा बसवली. अस्सल नाही. प्रिंटर बंद करून चालू केला. अस्सल नाही! सासूबाईंनी रिकामा खोका त्या पडद्यासमोर धरला, पोलिसाला ओळखपत्र दाखवावं तसा. प्रिंटरनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"आई, मी बाहेरून छापून आणते."

"अर्धा इथला, अर्धा तिथला? काळ्या रंगात फरक दिसेल. मी असते तर परत केला असता. फोन लाव कंपनीला!"

फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची चिप चेक करावी लागेल."

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "मी चीप? अगं, अख्खी बँक माझ्यासमोर चळचळा कापायची, आणि तू मला चीप म्हणतेस?"

"तुम्ही नाही हो मॅडम! कार्ट्रिजची चिप!"

"वस्तू मी घेतली, मग ती चीप कशी? माझ्या घरात हलकं काही येत नाही!"

सुनेनं घाईघाईनं फोन काढून घेतला. मुलीनं बिचारीनं सगळं समजावलं. कार्ट्रिजला एक छोटासा सोनेरी तुकडा असतो, ती चिप. प्रिंटर तिला आतल्या आत खूण विचारतो. बरोबर उत्तर आलं तरच छापतो. खोका, स्टिकर यांच्याशी त्याला काहीही देणंघेणं नाही.

"पण आमचा खोका अस्सल आहे!" सून म्हणाली.

"खोका असेल मॅडम. आत तीच कार्ट्रिज आहे का?"

एवढ्यात नवरा आत आला. त्यानं प्रिंटर पाहिला, आईच्या हातातला खोका पाहिला, आणि आल्या पावली मागे फिरायला लागला.

"थांब!" सासूबाई म्हणाल्या. "चेहरा इकडे कर."

भिंगाची गरजच पडली नाही. तो घडाघडा बोलला. अस्सल कार्ट्रिज त्यानंच वापरली होती, ऑफिसच्या क्रिकेट टीमचे रंगीत पोस्टर छापायला. मग आईच्या धाकानं कुठूनतरी एक स्वस्तातली आणून अस्सल खोक्यात ठेवली, चिकटपट्टीसुद्धा इस्त्री केल्यासारखी परत लावली!

"टीम जिंकली तरी का?" सुनेनं दात आवळून विचारलं.

"मॅच झालीच नाही," तो पुटपुटला.

आता घराचं छप्पर उडणार, असं समजून सुनेनं डोळे मिटले. पण काहीच उडालं नाही. डोळे उघडले तर सासूबाई प्रिंटरसमोर उभ्या. आणि चेहऱ्यावर काय? चक्क कौतुक!

"शाबास रे पठ्ठ्या!" त्यांनी प्रिंटरच्या झाकणावर थाप मारली. "मी कपडे बघून पास केलं. यानं पोटात शिरून विचारलं. घरातल्या माणसांची भीड नाही, आरडाओरड्याला भीक नाही! असा एक जरी माणूस बँकेत माझ्या हाताखाली असता ना..." मग सुनेकडे वळून, "मी चुकले गं. चल, स्कूटर काढ!"

सुनेला क्षणभर प्रबंधाचाच विसर पडला. मॅनेजरपुढे न हरलेली बाई एका एवढ्याशा यंत्रापुढे इतक्या सहज, इतक्या मोठ्या मनानं हरली होती!

कार्ट्रिजच्या दुकानदारानं लगबगीनं एक खोका पुढे केला. "घ्या, एकदम ओरिजिनलसारखी!"

"सारखी?" सासूबाईंच्या आवाजानं काउंटरवरची पेनं थरथरली. "इथं फोडा. तुमच्या मशीनमध्ये घाला. मशीन हो म्हणालं तर घेईन."

मशीन नाही म्हणालं. दुसरी? नाही. दुकानदाराला घाम फुटला. मग त्यानं आतल्या कपाटाची किल्ली शोधली. दरम्यान मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, आणि एक गृहस्थ पुढे आले. "बाई, माझी कार्ट्रिज पण जरा बघता?" पाठोपाठ एक बाई चार्जर घेऊन आल्या. कुणी फिल्टर, कुणी सेल! सासूबाईंनी भिंग काढलं. इकडे सुनेचा जीव टांगणीला!

"आई! विद्यापीठ!"

"अगं हो, हे शेवटचं!"

त्या शेवटच्यानंतर आणखी तीन झाले. पण कपाटातली कार्ट्रिज घालताच मशीन हो म्हणालं, आणि रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर स्कूटर चाकांवर कमी आणि हवेत जास्त होती.

घरी प्रिंटरनं कार्ट्रिज गिळली. घरघरला. आणि पडद्यावर आलं : अस्सल कार्ट्रिज वापरल्याबद्दल धन्यवाद.

सासूबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "इतकी वर्षं लोकांचे पैसे सांभाळले. धन्यवाद कुणी म्हटलं नाही गं."

पुढचं सगळं धावपळीत झालं. पानं भराभर आली, बांधणी झाली, नवऱ्यानं प्रायश्चित्त म्हणून स्कूटर हाणली, आणि विद्यापीठाच्या खिडकीचं शटर अर्धं खाली आलेलं असताना प्रबंध आत सरकला. कारकुनानं शिक्का मारला. सून तिथंच बाकावर बसून खूप वेळ हसली, मग थोडी रडलीसुद्धा.

संध्याकाळी ती पेढ्याचा नाही पण केकचा डबा घेऊन घरी आली. दारातूनच घरघर ऐकू आली. टेबलावर, खुर्चीवर, जमिनीवर, सगळीकडे कागद! प्रत्येकावर मोठ्ठ्या रंगीत अक्षरांत, भोवती फुलांची नक्षी : अस्सल कार्ट्रिज वापरल्याबद्दल धन्यवाद.

"एक फ्रेम करणार आहे," सासूबाई लाजून म्हणाल्या. "बाकीचे बँकेतल्या मैत्रिणींना."

सुनेनं प्रिंटरच्या पडद्याकडे पाहिलं, तिथं लिहिलं होतं : शाई संपत आली आहे.

"बघितलंस?" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "काही म्हणजे काही लपवत नाही गुणी बाळ!"