धूलिमापकाचं झबलं

कागद पहिला

गावाच्या उत्तरेला शाळा आहे आणि शाळेच्या उत्तरेला खडीक्रशर आहे, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्षांना मान्य होती. वाद फक्त धुळीबद्दल होता. महिला गटाचं म्हणणं होतं, की धूळ आहे. कार्यालयाचं म्हणणं होतं, की धूळ असल्याचा अर्ज आहे, आणि या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्ज घेऊन शिलाईकाकू गेल्या. त्या गटाच्या अध्यक्ष. गटाच्या बैठका त्यांच्या पडवीत भरत, कारण काकू शिवणयंत्रावरून उठत नसत, आणि जी उठत नाही तीच अध्यक्ष, असं बायकांनी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं होतं. आयुष्यात त्यांच्या हातून एकही टीप सैल पडली नव्हती. त्यांनी शिवलेली पिशवी फाटली तर आधी कापड फाटे, शिवण नाही.

काकूंची सात वर्षांची नात शाळेत खिडकीजवळ बसे. खिडकी क्रशरकडे उघडे. गेल्या हिवाळ्यापासून नात खोकत होती. ती खोकली की काकूंचा मशीनवरचा पाय आपोआप थांबे आणि खोकला संपला की पुन्हा चालू होई. त्यामुळे हल्ली एका परकराला दोन दिवस लागत. डॉक्टरांनी औषध दिलं, चिठ्ठीवर खाली ‘हवा बदलावी’ असं लिहिलं आणि तोंडानं म्हणाले, "पोरीला कुठे हलवता येत नसेल, तर त्या क्रशरला हलवा."

एवढीच मागणी होती. क्रशर टेकडीपलीकडे न्यावा. तिकडे घर नाही, शाळा नाही, खिडकी नाही.

आवक-जावक टेबलावरच्या भाऊसाहेबांनी अर्ज उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरला.

"विषय काय लिहिलाय? धूळ?"

"हो."

"धूळ हा विषय होत नाही, काकू. ‘धूळ होत असल्याबाबत’ हा होतो. पुरावा काय?"

काकूंच्या सोबत आलेल्या धाकट्या जाऊबाई दूध घालायच्या आणि बोलायला कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. त्यांनी पिशवीतून चादर काढून टेबलावर अंथरली. "सकाळी पांढरी वाळत घातली होती, भाऊसाहेब. दुपारी ही अशी."

भाऊसाहेबांनी राखाडी चादरीकडे गांभीर्यानं पाहिलं. "ही मूळ प्रत आहे की छायाप्रत?"

"मूळ."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी चादरीला टाचणी लावली.

कागद दुसरा

विषय: धूळ होत असल्याबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते, की आपल्या अर्जासोबतचे जोडपत्र (चादर, एक) अस्वच्छ असल्याने दफ्तरात दाखल करून घेता आले नाही. जोडपत्रे स्वच्छ व सुवाच्य असावीत असा नियम आहे. आपली गैरसोय होऊ नये म्हणून सदर चादर कार्यालयीन खर्चाने धुऊन घेण्यात आली. धुतल्यानंतर तिची बारकाईने पाहणी केली असता तीवर धूळ आढळून आली नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

कागद तिसरा

मग गटातल्या सगळ्याच बायका गेल्या. यावेळी बावीस होत्या, आणि खुर्ची एकच असल्यामुळे एकवीस जणी उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत उभ्या राहिलेल्या एकवीस बायका दिसल्या की कोणतंही कार्यालय थोडं अस्वस्थ होतं. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, की चादरीवर शासन चालत नाही, आकड्यांवर चालतं. धूलिमापक यंत्र पाठवतो. नव्वद दिवस मोजणी होईल. आकडा वर गेला तर क्रशर हलेल, नियमच तसा आहे.

यंत्र आलं. शाळेच्या भिंतीवर बसलं. आठव्या दिवशी बंद पडलं. दुरुस्त होऊन आलं आणि सहाव्या दिवशी बंद पडलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा चौथ्याच दिवशी त्यातून जातं फिरल्यासारखा आवाज आला. साहेब स्वतः आले, नाकाला रुमाल लावून.

"आत धूळ गेली," ते म्हणाले. "नाजूक यंत्र आहे हो. धूळ सोसत नाही त्याला."

"आमच्या पोरांसारखंच की," जाऊबाई म्हणाल्या.

"पोरांचं वेगळं आहे, बाई. यंत्राला कंपनीची हमी आहे. धुळीनं बिघडलं तर हमी रद्द होते." साहेबांनी रुमालातून खोल श्वास घेतला. "धुळीपासून यंत्राचा बचाव झाल्याशिवाय धूळ मोजता येणार नाही. याला एखादं चांगलं कव्हर हवं."

एकवीस बायकांनी एकदम काकूंकडे पाहिलं. यंत्र चाललं नाही तर आकडा नाही, आकडा नाही तर क्रशर तिथेच, आणि क्रशर तिथेच तर नात खिडकीतच. हा हिशेब सगळ्यांना कळत होता. काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि यंत्राचं माप घेतलं: छाती, कंबर, उंची.

कापड जाड हिरवं. आतून अस्तर, कडेनं गोट, सगळीकडे दुहेरी टीप, खाली नाडी. यंत्राच्या तोंडाला भोक होतं तिथं काकूंनी कापड दुमडून तिहेरी केलं, कारण तिथूनच धूळ आत जायची. कव्हर चढवल्यावर सुरकुतीसुद्धा दिसेना.

"झबलं शिवलंत की जाऊबाई यंत्राला," दूधवाल्या जाऊबाई म्हणाल्या. "आता तेवढं बाळंतविड्याचं बघा."

पण काकूंना समाधान वाटत होतं. यंत्र नव्वद दिवस अखंड चाललं. एकदाही खरखरलं नाही.

अहवाल आला. सरासरी धूळ: शून्य. कमाल धूळ: शून्य.

काकूंनी तो कागद दोनदा वाचला. मग उठून शाळेच्या भिंतीपाशी गेल्या आणि आपणच शिवलेल्या तिहेरी घडीवर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. आतल्या वर्गात नात खोकत होती. तिथे शिवणयंत्र नव्हतं, तरी परत निघालेला काकूंचा पाय थांबला.

कागद चौथा

हा फाइलीत नाही. हा म्हणजे नातीच्या खोकल्याची डॉक्टरांची चिठ्ठी, बावीस जणी गेल्या त्या दिवशी काकूंनी साहेबांच्या हातात दिलेली. ती चार घड्या घालून साहेबांच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवलेली आहे. टेबल आता डुगडुगत नाही.

कागद पाचवा

दुसऱ्या दिवशी काकू कात्री, सुई आणि दोरा घेऊन शिडीवर चढल्या आणि त्यांनी यंत्राच्या तोंडाशी एक काज केलं. साधं शर्टाच्या गुंडीचं, कडा नीट गुंतवलेलं. झबलं चढल्यापासून यंत्राला पहिल्यांदाच श्वास मिळाला. आकडा चढत चढत गेला आणि पडद्यावरच्या शेवटच्या आकड्याशी जाऊन अडकला. शाळेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांची धूळ उडाली.

साहेबांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून विचार केला. नव्वद दिवस शून्य आणि एक दिवस कमाल. बहुमत स्पष्ट होतं.

"एक दिवसाचा आकडा सदोष आहे," त्यांनी टिपणी लिहिली. "शासकीय मालमत्तेस विनापरवाना काज केल्याबद्दल संबंधित महिलेकडून खुलासा मागवावा. काज तात्काळ बंद करून घ्यावे."

साहेबांच्या टेबलापाशी खुलासा घेताना, काकूंची नजर टेबलाच्या पायाखालच्या चिठ्ठीवर असताना, भाऊसाहेबांनी विचारलं, "काकू, भोक का पाडलंत?"

"हवा जायला."

"हवा मोजायच्या यंत्रात हवा कशाला जायला हवी?" भाऊसाहेब मनापासून म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. ते फक्त फाइलीत राहत होते.

काकूंनी काज शिवून बंद केलं. तेही दुहेरी टीप घालून. सैल शिवणं त्यांना जमतच नव्हतं.

कागद सहावा

याच सुमारास वरच्या कार्यालयात कुणाच्या तरी लक्षात आलं, की खात्याची सगळी धूलिमापक यंत्रं पंधरा दिवसांच्या आत बंद पडतात आणि एकच यंत्र नव्वद दिवस चाललं आहे. शिवाय तिथली हवा खात्याच्या इतिहासात सर्वांत शुद्ध आहे. वरिष्ठांनी कारण विचारलं. कारण हिरवं होतं आणि त्याला गोट होता.

परिपत्रक निघालं. सर्व शहरांतील सर्व चौकांतील यंत्रांना सदर नमुन्याचे कव्हर चढवण्यात यावे. संख्या दोनशे. ‘शुद्ध हवा पंधरवडा’ तोंडावर असल्याने काम महिनाभरात व्हावे. नमुना अधिकृत ठरवण्यात आल्याने अन्य कोणाकडून शिवून घेऊ नये. महिला सक्षमीकरण या शीर्षाखाली नोंद घ्यावी.

ते परिपत्रक घेऊन साहेब काकूंच्या पडवीत आले. बसायला शिवणाचं बुटकं स्टूल होतं. त्यावर बसल्यावर साहेबांचे गुडघे हनुवटीला लागले. एकवीस बायका उभ्या होत्या, पण यावेळी आपल्याच घरात असल्यासारख्या.

"अभिनंदन, काकू," साहेब म्हणाले. "दोनशे कव्हरं. बिनभोकाची."

काकूंनी मशीनच्या खणातून एक कागद काढला. "अर्ज करा."

"कसला?"

"विषय लिहा, कव्हरं हवी असल्याबाबत. कव्हर हा विषय होत नाही. तीन प्रती."

साहेब हसले. बाकी कुणीच हसलं नाही, म्हणून थांबले.

"जोडपत्र काय लावताय?" जाऊबाईंनी विचारलं.

"जोडपत्र?"

"क्रशर टेकडीपलीकडे हलवल्याचा हुकूम," काकू म्हणाल्या. "मूळ प्रत. आणि तुमच्या टेबलाखालची माझ्या नातीची चिठ्ठी. तीही मूळच."

"हे दबाव आणणं झालं, काकू."

"नाही हो साहेब. पाठपुरावा."

"पण क्रशर हलवायची प्रक्रिया आहे. सुनावणी, पाहणी, अभिप्राय... वर्ष जाईल."

"चालेल की. मलाही डोळ्यांची तपासणी करायची आहे. चष्मा यायला वर्ष जाईल." काकूंनी मशीनवर कापड झाकलं आणि अंगठ्यानं सुई वर केली. "तोवर ही बंद."

साहेबांनी गुडघ्यांवरून सगळ्यांकडे पाहिलं. वरिष्ठांचा पंधरवडा दिसत होता, शहरातली खरखरणारी यंत्रं दिसत होती, आणि त्यांत खरे आकडे दिसायची भीती होती. प्रक्रिया नऊ दिवसांत पूर्ण झाली. दहाव्या दिवशी क्रशरचा शेवटचा पट्टा ट्रकवर चढून टेकडीपलीकडे गेला. चिठ्ठीही परत आली. तिच्या घड्यांवर टेबलाच्या पायाचा गोल ठसा होता. साहेबांचं टेबल पुन्हा डुगडुगू लागलं, आणि सह्या वाकड्या येऊ लागल्या.

कागद सातवा

पडवीत हिरव्या कापडाचा ढीग लागला. काकू बेतत होत्या, बायका कापत होत्या, दूधवाल्या जाऊबाई नाड्या ओवत होत्या. नात उंबऱ्यावर बसून उरलेल्या गुंड्या रंगाप्रमाणे लावत होती. दोन आठवड्यांत ती चारदाच खोकली होती, आणि त्यातलं एकदा गुंडी गिळायला गेली म्हणून.

एकशे चाळिसाव्या कव्हराला जाऊबाईंचा हात थांबला.

"जाऊबाई, शहरातल्या पोरांना पण नाकं असतील ना?"

 कात्र्या थांबल्या. काकूंचा मशीनवरचा पाय थांबला, अगदी पूर्वी खोकल्यासाठी थांबायचा तसा. त्यांनी कान दिला. उंबऱ्यावरून काहीच आवाज आला नाही. फक्त गुंडीवर गुंडी ठेवल्याचा टक्.

"असतील," काकू म्हणाल्या. "पण आम्ही सांगून ऐकलं का कुणी? त्यांनी अर्ज करावा."

पाय चालू झाला. दुहेरी टीप.

दोनशे कव्हरं वेळेत पोचली आणि वेळेत चढली. त्यातलं एक तुमच्या चौकातल्या खांबावर आहे. दिव्याच्या थोडं खाली, हिरवं, कडेनं गोट. शेजारच्या फलकावर ‘आजची हवा: उत्तम’ असं लिहिलेलं असतं, आणि तुम्ही ते रोज वाचता, आणि वाचून झाल्यावर घसा खाकरता. कव्हर उसवायच्या भानगडीत पडू नका, ती शिवण उसवणारी नाही. तक्रार असेल तर रीतसर अर्ज करा. तीन प्रती, आणि सोबत तुमच्या गच्चीवर वाळत घातलेली एक चादर. धुतलेली.