ताऱ्याची विचारपूस

माझ्या आत्यानं एका ताऱ्यावरच्या मंडळींना "जेवलात का?" म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर बावीस वर्षांनी, गेल्या भाद्रपदात, भर दुपारी आलं. उत्तर 'नाही' असं होतं.

उशीर झाला यात कुणाची चूक नव्हती. तो तारा आमच्या आडमाळ गावापासून अकरा प्रकाशवर्षं लांब आहे. शब्द जायला अकरा वर्षं आणि यायला अकरा, एवढा वेळ लागणारच. उलट त्यांनी ऐकल्याबरोबर उत्तर दिलेलं दिसतं. बोलणं मराठीत होतं. ते मराठी कुठे शिकले असं मला पुष्कळ जण विचारतात. मला माहीत नाही. दुसऱ्या भाषेत बोलले असते तर आम्हाला कळलं नसतं, एवढंच मी सांगू शकतो.

गावामागच्या माळावर परग्रह संपर्क मंडळाचा तवा आहे. त्याला कागदोपत्री लांबलचक नाव आहे, पण तो तव्यासारखा दिसतो आणि उन्हात तसाच तापतो. खाली दोन खोल्या, एक माइक आणि भिंतीत बसवलेला एक कर्णा. मी तवा फिरवायच्या कामावर आहे. माझ्याआधीपासून तिथे द्वारकाआत्या निवेदिका होती. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी परत आली, त्याच सुमाराला मंडळाला स्पष्ट आवाजाचं माणूस हवं होतं, आणि आत्याची हाक तीन शेतं ओलांडून जायची. माझी आई मी रांगत असतानाच गेली. मला आत्यानंच वाढवलं.

तव्याला पहिल्यापासून आमच्या गावाचा त्रास. वरून येणारा आवाज इतका बारीक असतो म्हणे, की विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबला तरी तो बुडून जातो. म्हणून मंडळानं गावातले मिक्सर, मोबाईल, वेल्डिंगचं दुकान आणि लग्नातला डीजे बंद केला. तोंडानं बोलायला हरकत नव्हती, तसं त्यांनी सभा घेऊन सांगितलंही होतं. पण माणसं एकदा गप्प बसायला लागली की कुठे थांबायचं ते त्यांना कळत नाही. गाव हळूहळू कुजबुजायला लागलं. मग लोक आडमाळला मुली देईनात. तरणीताठी पोरं उठून फलटणला गेली, आणि उरलेले आम्ही खलबत्त्यात चटणी कुटत आकाशाकडे कान लावून बसलो.

एकदा मात्र बुद्धिमान संकेत सापडला होता. रोज ठरल्या वेळी यायचा, ठराविक अंतरानं थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पेपरात बातमी आली, मंडळानं पेढे वाटले. तो देशमुखीणबाईंनी धान्याच्या कणगीत लपवलेला मिक्सर निघाला. त्या त्यावर शेंगदाण्याचं कूट करायच्या. मिक्सर जप्त झाला आणि त्यानंतर बाईंनी मंडळाशी संबंध ठेवला नाही.

आता त्या पहिल्या बोलण्याचं सांगतो. मंडळानं ताऱ्याला पाठवायचा मजकूर मंजूर करून आणला होता. त्यात सगळ्या मूळ संख्या होत्या, दोन, तीन, पाच, सात अशा. समोर कुणी हुशार असेल तर त्यानं पुढची संख्या सांगावी, म्हणजे त्याची हुशारी सिद्ध होईल, अशी योजना होती. आत्यानं तो मजकूर दुपारभर न अडखळता वाचला. तेव्हा मी शाळेत होतो आणि दाराशी बसून ऐकत होतो. वाचून संपल्यावर तिनं कागद घडी करून ठेवला आणि माइक बंद करायच्या आधी सवयीनं म्हणाली, "जेवलात का?"

तिचं त्यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. एवढा वेळ एखाद्याशी बोलायचं आणि जेवलात का न विचारता उठायचं, हे आमच्याकडे बसत नाही.

तर, भाद्रपदात कर्णा बोलला. आधी खरखर झाली. मग कुणीतरी म्हणालं, "नाही." मग पुन्हा बराच वेळ खरखर, आणि मग, "बरेच दिवस झाले."

आवाज भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसासारखा होता. मूळ संख्यांचं त्यांनी नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे उपसंचालक देवस्थळी जीप घेऊन आले. उंच, पाठीत वाकलेले, सभ्य गृहस्थ. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी याच एका उत्तराची वाट बघण्यात घालवली होती. त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"पुढची संख्या सांगितली नाही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," आत्या म्हणाली.

"निदान एखादा आकडा?"

"उपाशी माणूस आकडं मोजत बसतंय व्हय, सायेब?"

"द्वारकाबाई, माणूस म्हणू नका. ते अजून सिद्ध झालेलं नाही." देवस्थळी खरोखरच दुःखी दिसत होते. "भूक हा बुद्धीचा पुरावा धरता येत नाही. भूक वासरालाही लागते. आणि मुळात हा प्रश्न मंजूर मजकुरात नव्हता. ही अनधिकृत विचारपूस झाली."

"झाली खरी. पर आता इचारलंय न्हवं? तर 'या जेवायला' म्हणून कळवा तेस्नी."

देवस्थळींनी हे मंडळाकडे नेलं. मंडळानं त्यावर गांभीर्यानं विचार केला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. अडचण अशी निघाली की आमंत्रण द्यायचं तर किती जण येणार ते आधी कळायला हवं, आणि ते काय खातात तेही. हे विचारून घ्यायचं तर बावीस वर्षं. त्याशिवाय आमंत्रण देणं बेजबाबदारपणाचं होईल असं ठरलं, आणि माइकला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी आत्यानं भाकऱ्या थापल्या, कालवण केलं, ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि तव्याच्या दिशेनं सरकवून ठेवलं. स्वतः वाढून घेतलं नाही.

"तू बस की," मी म्हणालो.

"म्या इचारलंय तेस्नी. ते न्हाई म्हणाल्यात. पाहुणं उपाशी ठिवून म्या कशी बसू?"

"आत्या, ते अकरा वर्षांपूर्वीचं बोलणं आहे. आत्तापर्यंत त्यांचं काय ते होऊन गेलं असेल."

तिनं थोडा विचार केला. "म्हंजी अकरा वर्सं उपाशी हायेत," ती म्हणाली, आणि चूल विझवली.

ती रोज स्वयंपाक करायची. रोज ताट झाकून ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी ते गाईपुढे जायचं. ती पाणी प्यायची. चहाही चालायचा, कारण चहा म्हणजे जेवण नव्हे याबद्दल आमच्याकडे दुमत नाही. माणसं येऊन तिला समजावून जात. कुजबुजून समजावत, त्यामुळे घरात सुतक असल्यासारखं वाटायचं. तालुक्याचे डॉक्टर सलाईन लावायला आले. त्यात साखर असते का, असं आत्यानं विचारलं. असते म्हटल्यावर ती म्हणाली, मग ते जेवणच झालं की. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला बाजूला घेतलं आणि असंच चाललं तर दिवाळी दिसणार नाही असं सांगितलं.

मी घाबरलो. मला त्या ताऱ्याचं काही पडलेलं नव्हतं, हे उघड सांगतो. मी बायको-मुलं नसलेला माणूस. कामावरून घरी आलो की "जालिंदर, जेवलास का?" एवढं विचारणारं एकच तोंड जगात होतं, आणि ते दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. ताऱ्यावरच्या ज्या मंडळींनी ते केलं त्यांचा मला राग यायचा. 'नाही' कशाला म्हणायचं? जेवलात का म्हटल्यावर उपाशी असलं तरी 'हो, आत्ताच झालं' म्हणायची रीत आहे. कुणीही तसंच म्हणतं.

शेवटी मी लबाडी करायचं ठरवलं. आत्या रोजच्यासारखी कर्ण्यापुढे येऊन बसली, तेव्हा मी भिंतीमागच्या पत्र्यावर चढलो, कर्ण्याच्या मागच्या तोंडाला तोंड लावलं आणि आवाज घोगरा करून म्हणालो, "जेवलो. पोट भरलं."

आतून आत्यानं विचारलं, "काय जेवलासा?"

"पिठलं-भाकरी," मी म्हणालो.

"जालिंदर," ती म्हणाली, "खाली ये. पत्रा कुजलाय, पडशील."

उत्तर यायला बावीस वर्षं लागली असती तर तिनं विश्वास ठेवला असता, असं ती मला नंतर म्हणाली. मी तिच्यापुढे बसून रडलो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण हाताला वजनच नव्हतं.

नवरात्र सरलं आणि देवस्थळी मंडळाचा निर्णय घेऊन आले. शोध पूर्ण झाला होता. बुद्धिमान जीवसृष्टी आढळली नाही, असा निष्कर्ष होता. तवा उतरवून दुसरीकडे न्यायचा होता आणि आडमाळला मिक्सर वापरायची मुभा मिळणार होती. सोबत क्रेन आणि कामगार होते. त्यांनी सकाळपासून बोल्ट सोडवायला घेतले. वीज सगळ्यात शेवटी तोडायची, म्हणून कर्ण्याची खरखर तेवढी चालू होती.

आत्यानं मला तिला तिकडे न्यायला सांगितलं. मी तिला उचलूनच नेलं. एका हातात ती, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं झाकलं ताट, इतकं सोपं होतं ते. तिला कर्ण्यासमोर पोत्यावर टेकवून बसवलं. देवस्थळी आत आले आणि तिची अवस्था बघून दारातच थांबले.

"द्वारकाबाई, दोन घास खा. मी हात जोडतो," ते म्हणाले. त्यांनी खरंच हात जोडले होते.

"माइक उघडा, म्हंजी बोलवते तेस्नी."

"माइक काल नेला."

आत्यानं मान हलवली. मी तिला फुलपात्रातून पाणी पाजत होतो. माझे दोन्ही हात तिच्यासमोर होते आणि तोंड बंद होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच वेळी कर्णा बोलला.

आधीचाच आवाज होता, पण पार खोल गेलेला. प्रत्येक शब्दानंतर तो थांबत होता.

"आमच्यासाठी थांबू नका," तो म्हणाला. "तुम्ही जेवून घ्या."

मग खरखर. आम्ही वाट पाहिली. बाहेर बोल्टांवर कामगारांचे पाने वाजत होते. आणखी काही आलं नाही.

देवस्थळींनी खिशातून पेन काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं. "संख्या वगैरे काही नाही," ते सवयीनं म्हणाले. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "पण तुम्ही थांबलाय हे त्यांना कसं कळलं? अकरा वर्षं आधी?"

आत्यानं पदरानं डोळे पुसले. "चांगल्या घरची माणसं हायेत, सायेब," ती म्हणाली. "तेस्नी ठावं असणार."

माणसं म्हणू नका, असं देवस्थळी या वेळी म्हणाले नाहीत. त्यांनी पेन खिशात ठेवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन कामगारांना जेवणाची सुट्टी दिली. क्रेन बंद झाली. कामगार तव्याच्या सावलीत डबे उघडून बसले. देवस्थळी जीपच्या पायरीवर बसले, त्यांनी डबा आणलेला नव्हता.

मी आत्याचे हात धुतले. तिनं ताटावरचं ताट काढलं, भाकरीचा एक तुकडा मोडून कर्ण्याखाली ठेवला आणि हात जोडले. दुसरा तुकडा कालवणात बुडवला आणि तोंडाजवळ नेऊन थांबली.

"जालिंदर," तिनं विचारलं, "तू जेवलास का?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं भाकरी मधोमध मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. उरलेल्या अर्धीतली निम्मी बाहेर देवस्थळींना नेऊन द्यायला सांगितली. मी देऊन आलो, आणि मग आम्ही जेवलो. कर्णा खरखरत होता. चार वाजता वायरमननं वीज तोडली.