बोर्डावरची रिकामी जागा

"कंपनीनं इथला पुर्जा खाल्ला बघ," भीमरावमामा इन्व्हर्टरच्या बोर्डावर बोट ठेवून गिऱ्हाइकाला सांगत होते. "जागा केली, नंबर टाकला, अन् पुर्जाच न्हाई. म्हून तर मागल्या टायमाला म्या बसवला."

मी मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही.

मामांना रिकामी जागा बघवत नाही. वारंगा फाट्यावर बसमध्ये चढले की एकट्या प्रवाशाला चिकटून बसतात, बाकी बस मोकळी असली तरी. पंगतीत शेजारचं पान रिकामं दिसलं तर बँडवाल्याला ओढून आणतात. दुकानात दोन स्टुलं. दुसऱ्यावर गंगाधरकाका बसायचे. मोटारीची वाइंडिंग मामांकडे, बोर्ड काकांकडे. काका मुलाकडे पुण्याला गेले. पाटीवर अजून दोघांची नावं आहेत. त्या स्टुलावर मामा आता रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही चहाला बसवतात.

बोर्डावरची मोकळी जागाही तशीच भरतात. हाताला येईल तो पुर्जा सोल्डर करायचा आणि म्हणायचं, "आता बराबर झालं."

कुरुंद्याच्या या गिऱ्हाइकाचा इन्व्हर्टर मागच्या खेपेला असाच बराबर झाल्यापासून लाइट आली की बोंबलायचा आणि गेली की गप्प बसायचा. बोर्डाचं काम आणणारं हे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. "मामा, पुढच्या टायमाला नांदेडलाच नेतो," म्हणून तो चहाला गेला.

मी त्या बोर्डाचा नकाशा शोधून मोबाइल मामांपुढे धरला. रिकाम्या जागांपुढे 'डीएनपी' लिहिलं होतं. मी हळूच सांगितलं, म्हणजे मुद्दाम बसवायचा नाही. एकच बोर्ड लहान-मोठ्या मॉडेलला वापरतात. मोठ्याला तो पुर्जा लागतो, याला नाही.

"जागा करून ठिवायची अन् कुणी बसवायचंच न्हाई? असं काहून?"

तरी त्यांनी आपला पुर्जा काढला. मेनस्विच पाडला, पुन्हा चढवला. इन्व्हर्टर शहाण्यासारखा वागला. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन गेलं.

मामा मात्र खूश दिसेनात. बराच वेळ दुसऱ्या स्टुलाकडे बघत राहिले.

"त्याच्याबिगर चालतंय म्हण की," एवढंच पुटपुटले. मग उठले आणि फडक्यानं पुसून ते स्टूल टेबलाखाली सारू लागले.

मी मोबाइल बाजूला ठेवून कोपऱ्यातून उठले.

"मामा, राहू द्या ते बाहेर," मी म्हणाले. "बोर्ड मी बघत जाईन. मी बसते तिथं."